विजेची मोटार आणि घाटाचा हिशोब
दिग्रसहून चिखलदऱ्यापर्यंत : चार्जिंग कोठे, किती आणि का

– ऊस विकास अधिकारी



गट कार्यालयात बसले की पूर्वी तीनच प्रश्न येत. तोड कधी, खत कोणते आणि बिल केव्हा. आता चौथा आला आहे. "साहेब, विजेची मोटार घ्यावी का?" उसाचे बिल हाती आले, पोरगा शिकून आला, घरात मोटार घ्यावयाची ठरली, की बाप पेट्रोलच्या भावाकडे पाहतो आणि पोरगा विजेच्या मोटारीकडे. गावात फिरावयास, यवतमाळला जाऊन यावयास ती चांगली, हे बहुतेकांस पटले आहे. अडते ते लांबच्या वाटेवर, आणि त्यातही घाटात. दिग्रसच्या एका ज्येष्ठ सभासदांनी आम्हांस चार लोकांत विचारले, "घाटात हे बंद पडली तं धक्का कोन देईन? बैल जुपाचे काय?" लोक हसले, परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. घरातील म्हातारी माणसे, लहान मुले बरोबर असतात आणि मोटारीत पाचसात एकरांच्या उसाचे बिल अडकलेले असते.

म्हणून या अंकात लागवड आणि खोडव्याचा विषय बाजूस ठेवून घाटाचा हिशोब मांडतो. तोडणी कार्यक्रम आखणाऱ्या माणसास हा हिशोब परका नाही. कोणत्या शेतातून किती गाड्या निघतील, रस्त्यात ओढा कोठे, चढ कोठे, तोडलेला ऊस न वाळता गव्हाणीत कसा पडेल, हेच आम्ही वर्षानुवर्षे करीत आलो आहोत. आपल्या मुलुखात तर याहून जुना दाखला आहे. लमाणांचे तांडे मिठाची, धान्याची गोणी बैलांच्या पाठीवर घालून डोंगर ओलांडीत, तेव्हा मुक्काम ठरे तो पाणी आणि चारा पाहून. पुढच्या मुक्कामास पाणी आटले असेल तर काय, याचाही विचार आधी झालेला असे. मूर्तिजापूरची शकुंतला गाडी १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर दारव्ह्याला येत होती, तीही पाणी घेण्यास थांबतच असे. थांबणे म्हणजे कमीपणा, ही समजूत पेट्रोलने लावलेली आहे.

आता मुद्द्यास येऊ. युनिट म्हणजे काय हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही, बिलावर ते छापलेलेच असते. मोटारीच्या बॅटरीचे मापही युनिटातच असते. सध्या आपल्याकडे दिसणाऱ्या मोटारींत वीस-चोवीस युनिटांपासून पंचेचाळीस आणि त्याहून अधिक युनिटांपर्यंत बॅटऱ्या येतात. हिशोबासाठी आम्ही ३० युनिटांची मोटार धरतो. सपाट रस्त्यावर साठ-सत्तरच्या वेगाने अशी मोटार एका युनिटात साडेसहा किलोमीटर जाते असे धरावे. कंपनीच्या कागदावर याहून मोठा आकडा असतो. तो प्रयोगशाळेतील आहे. बियाण्याच्या जाहिरातीतील एकरी उतारा आणि आपल्या वावरातील उतारा यांत जो फरक, तोच येथे.

घाट किती वीज खातो? लोक समजतात की चढ लागला की बॅटरी झरझर उतरते आणि त्याला काही मोजमाप नाही. मोजमाप आहे, आणि सोपे आहे. माणसे व सामान धरून मोटार पावणेदोन टनांची झाली, तर तिला उभे शंभर मीटर वर चढविण्यास सुमारे अर्धा युनिट जादा लागतो. रस्ता किती वळणांचा आहे याच्याशी या अर्ध्या युनिटाचा संबंध नाही, उंची किती वाढली एवढेच पाहावयाचे. विहिरीतून पाणी उपसताना पाइप किती लांब यापेक्षा पाणी किती फूट वर चढवावयाचे यावर मोटारपंपाचा भार ठरतो, तसेच हे. तेव्हा घाटाच्या प्रवासाचे दोन आकडे हवेत : अंतर आणि उंचीतील फरक. अंतरास साडेसहाने भागावे, दर शंभर मीटरला अर्धा युनिट मिळवावा, झाला हिशोब.

आणि उतारावर? येथे विजेची मोटार पेट्रोलच्या मोटारीहून शहाणी आहे. उतारावर पेट्रोलची गाडी ब्रेक तापवते आणि चढताना जाळलेले इंधन हवेत सोडून देते. विजेच्या मोटारीचे यंत्र उतारावर उलटे काम करते. चाक यंत्रास फिरविते, यंत्र वीज तयार करते आणि ती बॅटरीत परत जाते. सगळी जात नाही, काही वाटेत उष्णता होऊन वाया जाते. शंभर मीटर उतरले तर चढतानाच्या अर्ध्या युनिटापैकी ०.३ युनिट परत मिळतो असे धरणे सुरक्षित. म्हणजे वर जाऊन खाली आल्यास घाटाची खरी किंमत शंभर मीटरमागे पाव युनिटही नाही. अडचण एवढीच की किंमत आधी द्यावी लागते आणि परतावा नंतर मिळतो. ऊस लागवडीचे आणि बिलाचे जे आहे, तेच.

आपल्याला जवळचा डोंगर म्हणजे सातपुड्याची गाविलगड रांग आणि तिच्यावरील चिखलदरा. विदर्भातील हे थंड हवेचे ठिकाण समुद्रसपाटीपासून १,११८ मीटरवर आहे. पायथ्याकडचे परतवाडा-अचलपूर पावणेचारशे मीटरच्या आतबाहेर. म्हणजे उभी चढण साडेसातशे मीटरची. दिग्रसहून दारव्हा, नेरमार्गे अमरावती अंदाजे एकशेपंधरा किलोमीटर, अमरावती ते परतवाडा पन्नासेक आणि तेथून वर तीसेक. एकूण दोनशेच्या थोडे खाली. ३० युनिटांच्या मोटारीचा कागदावरचा पल्ला याच आकड्याच्या आसपास असल्याने अनेकांस वाटते, जाऊ कसेबसे. कसेबसे जाणे होत नाही, हे पुढील आकड्यांवरून दिसेल.

गाळप सुरू होण्यापूर्वी, २०२५ च्या कोजागिरीनंतर, एका सभासदाच्या कुटुंबाबरोबर आम्ही हा प्रवास केला. मोटार त्यांच्या मुलाची. बरोबर सत्तरी ओलांडलेल्या आजी. तिसऱ्या दिवशी सकाळी अमरावतीस आजींचा डोळा तपासावयाचा होता, डॉक्टरांची वेळ महिन्यापूर्वी घेतलेली. म्हणजे मौजेची सहल असली तरी परतीची वेळ पक्की होती. निघण्यापूर्वी आम्ही आणि त्या मुलाने वहीच्या पानावर हिशोब मांडला. मुलाचे म्हणणे, मोबाईलवर सगळे दिसते, वही कशाला? मेळघाटात मोबाईलला रेंज नसते तेव्हा वहीला असते, असे त्यास सांगितले.

पहिला टप्पा अमरावती. सतरा-अठरा युनिट जाणार, म्हणजे भरून निघालेल्या मोटारीत चाळीस टक्के उरणार. तेवढ्यावर परतवाड्यास पोचू, परंतु वर चढण्यास अंतराचे साडेचार आणि उंचीचे चार मिळून साडेआठ युनिट लागतील. तेवढे उरत नाहीत. तेव्हा अमरावतीस थांबणे आलेच. अमरावती जिल्ह्याचे व विभागाचे शहर, तेथे जलद चार्जर आहेत. परतवाड्यास किंवा वर असेलही, परंतु घाटाच्या हिशोबात "असेलही" या शब्दाला शून्य धरावे.

अमरावतीस चाळीसवरून पंच्याऐंशी टक्के करण्यास पाऊण तास लागला. जलद चार्जर म्हणजे काय याची कल्पना अश्वशक्तीत सांगतो. ३० किलोवॅटचा चार्जर म्हणजे चाळीस अश्वशक्ती, पाच अश्वशक्तीचे आठ पंप एकदम सुरू केल्यासारखे. साठ किलोवॅटचा म्हणजे सोळा पंप. घरातील पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर मिळतात ते तीन किलोवॅट, म्हणजे चार अश्वशक्ती. ऐंशी टक्क्यांच्या पुढे मात्र जलद चार्जरही सावकाश होतो. गोणी गळ्यापर्यंत भरली की पुढचे धान्य ठोकून ठोकून भरावे लागते, तसे. म्हणून रस्त्यातील थांब्यावर ऐंशी-पंच्याऐंशीला तार काढावी आणि मागच्या माणसास जागा द्यावी. त्या पाऊण तासात आजींचा चहा झाला आणि अंबादेवीचे दर्शन राहिले ते परतताना करण्याचे ठरले.

परतवाड्यास मोटारीत ५९ टक्के होते. कागदाने सांगितले होते, वर पोचाल तेव्हा ३१ राहतील. पोचलो तेव्हा ३४ होते. घाटात वेग तीस-चाळीसचा असतो, वाऱ्याचा विरोध कमी पडतो, त्यामुळे अंतराची वीज आम्ही धरली त्याहून कमी लागली. सांगण्याची गोष्ट ही की बेभरवशाचा म्हणून ज्याची भीती घातली जाते तो घाट कागदाबरहुकूम वागला. वाटेत झाडीतून माकडांची टोळी रस्त्यावर बसलेली होती. मोटारीचा आवाज नसल्याने ती उठेनात. बिनआवाजाच्या गाडीने वळणावर हॉर्न देणे घाटात फार जरूरीचे आहे, आणि चढणाऱ्या गाडीस आधी वाट द्यावी हा नियम तर सर्वांनाच लागू आहे.

आता खरा पेच. वर ३४ टक्के, म्हणजे दहा युनिट. भीमकुंड, गाविलगड, देवी पॉइंट पाहण्यात वीस किलोमीटर चढउतार होणार, तीन-साडेतीन युनिट जाणार. उरलेल्यावर परतवाड्यापर्यंत उतरणे सोपे, पण तेथून अमरावतीस साडेसात-आठ युनिट हवेत. जुळत नाही. अमरावतीस शंभर टक्के भरून निघालो असतो तरी परत अमरावतीला पोचता पोचता काटा तळाला गेला असता. याचा अर्थ ३० युनिटांच्या मोटारीने चिखलदरा करावयाचा तर वर मुक्कामाच्या जागी सॉकेट मिळणे ही सोय नव्हे, अट आहे. पंचेचाळीस युनिटांची बॅटरी असेल तर ही अट सुटते. मोटार घेताना विक्रेता बॅटरीच्या आकारावरून किमतीत जो फरक सांगतो, त्याचा अर्थ असा डोंगरात कळतो.

म्हणून आम्ही मुक्कामाच्या जागी आधी फोन करून विचारले होते : पंधरा अँपिअरचे सॉकेट मोटारीजवळ आहे का, अर्थिंग आहे का, रात्री वीज राहते का. तिन्हींस होकार मिळाला. आणि एवढ्यावर न थांबता आणखी एका जागी तेच विचारून ठेवले होते. रात्री तार लावली तर चार्जरचा दिवा तांबडा. अर्थिंग नाही. विजेच्या मोटारीचा चार्जर अर्थिंग नसेल तर वीज घेतच नाही, आणि ते बरेच आहे. व्यवस्थापक म्हणाले, याच सॉकेटवर आमचा गिझर तर चालतो. गिझर चालतो म्हणून अर्थिंग आहे असे होत नाही, हे विहिरीवरच्या स्टार्टरचा झटका खाल्लेल्या कोणाही सभासदास ठाऊक आहे.

आजींनी विचारले, "आता काय करतं बापू? मले परवा डॉक्टरकडं पोचाचं हाय." नातू म्हणाला, "आजी, दुसरी जागा इचारून ठेवली हाये. तू झोप." सकाळी दुसऱ्या ठिकाणी तार लावली, दिवा हिरवा झाला. तीन तासांत आठ युनिट आले, ३४ चे ६१ झाले. त्यांनी जे पैसे सांगितले ते दिले, पावती घेतली. तेवढ्या वेळात आम्ही चिखलदऱ्याच्या कॉफीचे मळे पाहून आलो. महाराष्ट्रात कॉफी होते ती येथे, हे आपल्या बऱ्याच सभासदांस माहीत नसते.

उतरताना आकडा वर चढतो, ही गोष्ट सांगून पटत नाही, पाहावी लागते. ५० टक्क्यांवर घाटाच्या तोंडाशी आलो, पायथ्याशी ५४ होते. सभासद चष्मा पुसून पुन्हा पाहू लागले. परतवाडा ४८, अमरावती २२. वर तीन तास तार लावली नसती तर हा आकडा शून्याच्या खाली गेला असता, आणि आपण कोठेतरी वाटेत धक्का देणारा शोधीत असतो. आजी वेळेवर डॉक्टरांच्या दारी पोचल्या.

घाट उतरताना एक सावधगिरी मात्र अवश्य हवी. बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर उतारावर तयार होणारी वीज ठेवावयास जागा नसते. मग यंत्राची ओढ कमी होते आणि सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येतो. बांध काठोकाठ भरला असताना वरून पाणी आले तर सांडव्यातूनच जाणार. म्हणून डोंगरमाथ्यावर रात्रभर वीज मिळाली तरी पंच्याऐंशी-नव्वदला थांबावे. कडक थंडीच्या सकाळीही बॅटरी परतीची वीज कमी घेते, तेव्हा पहिल्या वळणांवर हळू. आणि हा मुलूख मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारचा आहे. अंधार पडल्यावर घाटात थांबून टक्क्यांचा विचार करण्याची ती जागा नव्हे.

घाटापेक्षा खरा खाऊ वेग आहे, हे आता सांगितले पाहिजे. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी शेवटच्या टप्प्यासह नागपूर ते मुंबईजवळच्या आमणेपर्यंत ७०१ किलोमीटर पुरा झाला. आपण कारंज्याला त्यावर चढतो. सपाटीवर १२० ची मुभा आहे म्हणून पोरे १२० ने हाकतात. ऐंशीच्या तुलनेत १२० ला वाऱ्याचा विरोध सव्वादोन पट होतो. चिखलदऱ्याच्या साऱ्या चढाने जेवढी वीज खाल्ली त्याहून अधिक वीज असा वेग शंभर-सव्वाशे किलोमीटरांत सहज खातो, आणि ती उतारावर परत मिळत नाही. राज्याच्या २०२५ च्या धोरणात विजेच्या मोटारींस समृद्धीवर टोलमाफी आहे, ती पदरात पाडून घ्यावी, परंतु गाडी नव्वदच्या आत ठेवावी.

सह्याद्रीचा स्वभाव सातपुड्याहून निराळा. आपण देशावरून जाणारे, आपल्याला तो चढावा लागत नाही, उतरावा लागतो. इगतपुरी सहाशे मीटरवर, खाली शहापूरकडे आलो की पाचशे मीटर उतरलो. जाताना मजा, परतताना अडीच-तीन युनिटांचे बिल. याचा विसर पडून मुंबईकडून कमी बॅटरीवर निघणारा माणूस कसाऱ्याच्या अलीकडेच घाबरा होतो. पाडेगावचे १९३२ सालचे ऊस संशोधन केंद्र किंवा मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट पाहावयास जाणाऱ्यांस घाटाचा विचार फारसा पडत नाही. परंतु इन्स्टिट्यूटचे ऊस प्रजनन केंद्र आंबोलीस, ऐन सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. तेथील दमट हवेत उसाला तुरा चांगला येतो, जातींचा संकर तेथे होतो. आपल्या शेतात तुरा आला की आपण कपाळाला हात लावतो, तेथे त्याचीच वाट पाहतात. कोल्हापूरहून आजऱ्यामार्गे आंबोली सुमारे १२० किलोमीटर. नाव आंबोली घाट असले तरी या बाजूने मोठी चढण नाही, कारण आपण आधीच पठारावर असतो. तेथून पुढे सावंतवाडीस उतरावयाचे ठरविले, तरच सहा-सातशे मीटरच्या परतीचे साडेतीन युनिट राखून ठेवावेत. कोल्हापूरला भरावे, आंबोली करून कोल्हापूरला परत यावे, ३० युनिटांच्या मोटारीस मध्ये एक सॉकेट विचारून ठेवावे.

निघण्यापूर्वीच्या बारीकसारीक गोष्टी थोडक्यात. जलद चार्जरचा जोड आपल्या मोटारीचाच आहे ना हे पाहावे. आजच्या बहुतेक मोटारींस सीसीएस-टू लागतो, काही जुन्या चार्जरांवर तो नसतो. नकाशावर दिसणारा प्रत्येक चार्जर चालू असतोच असे नाही, तेव्हा त्या जागी फोन करून "आज सकाळी कोणी गाडी लावली का?" असा नेमका प्रश्न विचारावा. "चालू आहे का?" या प्रश्नास "हो" हेच उत्तर मिळते. पैसे भरण्याची दोनतीन ॲप घरूनच मोबाईलवर घ्यावीत. पुढचा थांबा गाठताना वीस टक्के शिल्लक राहतील असा बेत असावा. महामार्गावर ठरावीक अंतराला चार्जिंगची सोय असावी हे केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत काही वर्षांपासून लिहिलेले आहे. कागदावरच्या चार्जरने मोटार चालत नाही.

एक गोष्ट काही सभासदांस आवडणार नाही, तरी सांगतो. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांस एप्रिल २०२४ पासून मुख्यमंत्री बळीराजा योजनेत वीज मोफत आहे. "मंग साहेब, मोटार इहिरीवरच लावाची ना, फुकट हाये." नाही. शेतीपंपाची वीज मोटारीस वापरणे हा २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर होतो आणि आकारणी जबर बसते. त्याखेरीज शेतातील कमीजास्त व्होल्टेज आणि बेपत्ता अर्थिंग मोटारीच्या चार्जरला मानवत नाही. घरच्या मीटरवर, मंजूर भार वाढवून, चांगले अर्थिंग करून, रात्री तार लावावी. घरच्या वायरमनकडून अर्थिंगचे काम करून घेण्यास लागणारा खर्च मोटारीच्या किमतीपुढे काहीच नाही.

विजेच्या मोटारी वाढल्या तर आपल्या इथेनॉलचे काय, असेही विचारले जाते. प्रश्न रास्त आहे, उसाचा भाव त्यास बांधलेला आहे. परंतु उसाच्या रसातून इथेनॉल निघते तसे बगॅसमधून वीज निघते. उच्च दाबाच्या बॉयलरवर सहवीज करणारा कारखाना स्वतःची गरज भागवून टनामागे शंभराच्या आसपास युनिट बाहेर देऊ शकतो. एक टन उसाच्या बगॅसवर आपली ही मोटार सहाशे किलोमीटर जाईल, दिग्रस ते चिखलदरा जाऊन, येऊन, पुन्हा चिखलदऱ्यापर्यंत. रस वेगळाच उरला. तेव्हा ऊस दोन्हीकडे आहे.

कारखान्याच्या गेटवर एक ३० किलोवॅटचा चार्जर बसवावा, अशी सूचना काही सभासदांनी आमच्याकडे तोंडी केली आहे. चाळीस अश्वशक्तीचा भार, जागा आणि दिवसाला किती मोटारी येतील, एवढ्याचा अंदाज लागेल. ज्यांच्या घरी विजेची मोटार आहे किंवा या हंगामाच्या बिलातून घ्यावयाची आहे, त्यांनी आपापल्या गट कार्यालयात बॅटरीचे युनिट आणि महिन्यातून कारखान्यावर किती वेळा येणे होते, एवढे नोंदवावे. वार्षिक सभेपूर्वी आकडे हाती आले तर विषय लेखी मांडता येईल.